विस्मृतीचा शाप आणि विस्मृतीचा रोग

प्रेमकथेत विस्मृतीची योजना फार जुनी आहे. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुर्वासाच्या शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरतो, परंतु शापालाच उःशाप जोडलेला असल्याने मुद्रिका सापडताच त्याची स्मृती जागी होते. केबीएसने २००२ साली प्रसारित केलेल्या ‘विंटर सोनाटा’ या कोरियन मालिकेतही अपघातात स्मृती गमावलेल्या नायकाला ती पुन्हा लाभते. दोन्ही कृतींत विस्मृती ही मिलनाच्या वाटेवरील एक अडचण होय. ली जे-हान यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अ मोमेंट टु रिमेंबर’ (२००४) या कोरियन चित्रपटाचे वेगळेपण असे, की त्यातील विस्मृतीला उःशाप नाही.

‘प्युअर सोल’ या २००१ मधील जपानी दूरचित्रवाणी मालिकेवर हा चित्रपट आधारलेला आहे. विवाहित प्रियकराने दगा दिलेली सू-जिन आणि बालपणी आईने टाकलेला, बांधकामावर राबणारा चोल-सू यांची भेट होते ती तिच्या विसराळूपणामुळेच. दुकानात विसरलेला शीतपेयाचा डबा घेण्यास ती परतते आणि चोल-सूच्या हातातील डबा आपलाच समजून पिऊन टाकते. प्रेक्षक या प्रसंगाला हसतो. पुढे विवाहानंतर, ऐन तारुण्यात, तिला अल्झायमरचा रोग जडल्याचे निदान होते, आणि त्या हास्याचा अर्थ पालटतो. ज्या लकबीने प्रेम जुळविले, तीच रोगाची चाहूल होती की काय, अशी शंका मागाहून मनात येते.

रोगाच्या गतीचा उपयोग हा या कथेचा खरा कणा आहे. स्मृतिनाशात अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या दीर्घकाळ टिकतात, हा नियम फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये मांडला. सू-जिनच्या आयुष्यात पती अलीकडचा, तर दगा देणारा प्रियकर आधीचा. त्यामुळे पतीला ती त्या प्रियकराच्या नावाने हाक मारते. येथे प्रतारणा नाही, मत्सराला जागा नाही, खलपुरुषही नाही. रोगाचा क्रमच नेमका दांपत्यावर आघात करतो. नाट्यासाठी ओढूनताणून आणलेला योगायोग येथे नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात विप्रलंभ आणि करुण यांचा भेद सांगितला आहे: विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे पुनर्मीलनाची आशा धरणारा, करुण निरपेक्ष. हा चित्रपट त्या भेदापुढे एक अवघड उदाहरण ठेवतो. प्रिय व्यक्ती जिवंत आहे, समोर आहे. म्हणून मृत्यूने येणारा वियोग नाही. तथापि आशाही उरलेली नाही. त्यातून हे दुःख एकट्याच्या वाट्याला येते, कारण दुसऱ्याला आपण काय गमावले याची जाणीवच नाही. शुद्ध असलेल्या अल्पकाळात सू-जिन पतीला पत्र लिहिते आणि निघून जाते. हा प्रसंग सर्वांत हृदयस्पर्शी ठरतो, कारण तेवढ्यापुरते ते दुःख दोघांचे होते.

अखेरीस चोल-सू तिला पहिल्या भेटीच्या त्या दुकानात नेतो. तेथे तिचे आप्त जमलेले असतात, आणि हा स्वर्ग आहे काय, असे ती विचारते. दिग्दर्शकाने मुद्रिका पुन्हा हाती दिली, असा आक्षेप येथे घेता येईल. तो पूर्णतः योग्य नाही. अभिज्ञान तिला होत असले, तरी ते टिकणारे नाही. ज्यांना आठवते त्यांनी, जिला आठवत नाही तिच्यासाठी मांडलेला तो एक प्रयोग आहे. चित्रपटाचा दोष अन्यत्र आहे. एखाद्या प्रसंगाचा अपवाद सोडल्यास रोग नायिकेच्या सौंदर्याला स्पर्श करीत नाही, आणि तिच्या निघून जाण्याने शुश्रूषेची दैनंदिन झीज पडद्याआड राहते. प्रेमाची जी कसोटी सर्वांत कठीण, तीच कथा टाळते.

असे असूनही या कृतीचे महत्त्व उणावत नाही. शाकुंतलाचा प्रश्न दुष्यंताला ओळख पटेल काय, हा होता. ओळख न पटताही प्रेम करीत राहता येईल काय, हा येथील प्रश्न आहे.