बेने इस्राएलांचे स्थलांतर आणि मराठीची अनुपस्थिती : एक चिकित्सा

प्रास्ताविक

स्थलांतर हा कोकणच्या साहित्याचा जुना विषय आहे. आरवलीच्या जयवंत दळवींच्या लेखनापासून मालवणी रंगभूमीपर्यंत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा चाकरमानी पुन्हा पुन्हा भेटतो. तो मुंबईला जातो, पण त्याचे घर गावात उभे असते. गणपतीला तो परत येतो. ग्रामदेवतेपुढे घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यात परगावी गेलेल्या लेकरांच्या रक्षणाचीही याचना असते. हे दार उघडे ठेवून केलेले स्थलांतर आहे. त्यामुळे त्यावरील साहित्यात दुरावा असला तरी परतीची शक्यता गृहीत धरलेली असते.

याच कोकणपट्टीच्या उत्तर भागातून विसाव्या शतकात वेगळ्या प्रकारचे स्थलांतर घडले. शतकानुशतके मराठी बोलणारा बेने इस्राएल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलमध्ये गेला. येथे परतीचे घर बहुधा राहिले नाही. पूर्वजांची भूमी म्हणून जिच्याकडे पाहिले, त्या भूमीतच या कुटुंबांना परके म्हणून नव्याने संसार मांडावा लागला. मराठी समीक्षेने या अनुभवाची दखल अपवादानेच घेतली आहे. 'स्थलांतरितांचे मराठी साहित्य' म्हटले की अमेरिका आणि इंग्लंड येथील लेखन डोळ्यांसमोर येते. दिमोना, अश्दोद, लोद वा बीरशेवा ही नावे त्या चर्चेत सहसा येत नाहीत.

प्रस्तुत लेखात आवी नेशेर यांचा 'टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड' (२००४) हा इस्रायली चित्रपट आणि एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रॅचेल' (२००६) ही इंग्रजी कादंबरी यांच्या आधारे या स्थलांतराच्या चित्रणाची चिकित्सा केली आहे. या दोन्ही कलाकृती आपापल्या परीने समर्थ आहेत. तथापि परदेशात रुळण्याची प्रक्रिया प्रत्यक्षात जिच्या आधाराने घडली, ती मराठी भाषा दोन्हींतून निसटते, असे येथील प्रतिपादन आहे.

समाज आणि स्थलांतराची पार्श्वभूमी

बेने इस्राएलांची मुख्य वस्ती तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात होती. जहाज फुटून कोकण किनाऱ्याला लागलेल्या काही कुटुंबांचे आपण वंशज आहोत, अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा असून नवगावची जुनी दफनभूमी या कथेशी जोडली जाते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम यांमुळे ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जात. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर अशी शंभराहून अधिक ग्रामवाचक आडनावे या समाजात आढळतात. या बाबतीत त्यांची नावे सिंधुदुर्गातील कुठल्याही घराण्याइतकीच कोकणी आहेत.

मराठी ही त्यांची केवळ व्यवहारभाषा नव्हती. १८७४ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेला हग्गादा हा वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ग्रंथ हिब्रू संहितेसह मराठी भाषांतर देतो आणि त्याच्या चित्रांत भारतीय वेशातील स्त्रिया सणाची तयारी करताना दिसतात. योम किप्पूरला 'दारफळणीचा सण', तर रोश हशाना या नववर्षाच्या सणाला 'नव्याचा सण' ही नावे रूढ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाचा साचा स्वीकारून बायबलमधील आख्याने मराठीत सांगितली जाऊ लागली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे नाव या परंपरेत विशेषत्वाने घेतले जाते. थोडक्यात, या समाजाचा धर्मानुभवच मराठीत घडलेला होता.

इस्रायलमधील पहिली वर्षे कठीण होती. अनेक कुटुंबे विकासासाठी वसविलेल्या दूरच्या वसाहतींत पोहोचली. मुंबईत कारकुनी, रेल्वे वा शासकीय नोकरी केलेल्यांना कारखान्यातील आणि बांधकामावरील श्रम पत्करावे लागले. १९५१-५२ मध्ये वर्णभेदाची तक्रार करीत बेने इस्राएलांच्या एका गटाने बैठा सत्याग्रह करून भारतात परत पाठविण्याची मागणी केली आणि ती मान्यही झाली. परतलेल्यांपैकी अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली, ही बाब अधिक बोलकी आहे. त्यानंतर १९६२ मध्ये धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या विवाहांपूर्वी वंशशुद्धीची चौकशी करण्याचे निर्देश काढले. त्याविरुद्ध आंदोलन झाले. १९६४ मध्ये सरकार व संसद यांनी हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका घेतल्यानंतर ते निर्देश मागे घेण्यात आले. ज्या धर्मासाठी देश सोडला, त्याच धर्माच्या दारात वंशाचा पुरावा मागितला जावा, हा या स्थलांतराचा सर्वांत खोल आघात होय.

चित्रपट : आडनाव कोकणचे, भाषा इंग्रजी

नेशेर यांच्या चित्रपटाचा काळ १९६०च्या दशकाचा शेवट आणि स्थळ नेगेव वाळवंटातील एक वसाहत आहे. मुंबईहून आलेले तळकर कुटुंब मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबांच्या शेजारी राहू लागते. बाटल्यांचा कारखाना, तेथील संप, सारा आणि निकोल या दोन मुलींची मैत्री, प्रौढांचे गुंतलेले संबंध आणि अखेरीस क्रिकेट यांतून कथा पुढे सरकते. परमीत सेठी आणि कृत्तिका देसाई यांनी आईवडिलांच्या भूमिका केल्या आहेत.

या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या विनोदी निरीक्षणात आहे. एका बाजूला ब्रिटिश रीतीभातींचा अभिमान, तर दुसऱ्या बाजूला फ्रेंच संस्कृतीचा. दोन्ही गट एकमेकांना मागासलेले समजतात आणि ज्या युरोपीय संस्कृतींच्या आधारे ते एकमेकांना हिणवतात, त्या दोन्ही संस्कृतींनी त्यांच्यावर राज्य केलेले असते. वसाहतवादाचे हे दुहेरी ओझे दिग्दर्शकाने कोठेही भाषण न करता दाखविले आहे. स्थलांतरित कुटुंब एखाद्या 'मूळ' समाजात नव्हे, तर दुसऱ्या स्थलांतरितांच्या शेजारात रुळते, हे त्याचे भानही मोलाचे आहे.

तथापि तळकर या आडनावाकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. हे नाव रायगड जिल्ह्यातील तळे या गावावरून आले आहे. वर उल्लेखिलेला १८७४ चा पुण्याचा मराठी हग्गादा ज्या दोघांनी सिद्ध केला, ते मोझेस जेकब आणि आरोन डॅनियल हे दोघेही तळकरच होते. म्हणजे मराठीतून धर्म सांगण्याच्या परंपरेशी निगडित असलेले नाव चित्रपटाने आपल्या कुटुंबाला दिले आणि ती मराठी मात्र घराबाहेर ठेवली. चित्रपटाच्या संवादांचा भार हिब्रू, इंग्रजी आणि फ्रेंच या भाषांवर आहे. इंग्रजीत वाढलेली यहुदी कुटुंबे मुंबईत नव्हती असे नाही, त्यामुळे हे चित्रण असत्य ठरत नाही. परंतु त्यामुळे 'भारतीय यहुदी' म्हणजे साम्राज्याच्या सावलीत वाढलेला, क्रिकेटप्रेमी इंग्रजाळलेला माणूस, असे एकसुरी रूप पडद्यावर स्थिर होते. तेल्याचा घाणा, शेती आणि मराठी शाळा यांतून आलेल्या कुटुंबाला त्यात जागा उरत नाही. क्रिकेटमुळे नाट्य साधते. रोजच्या संसारात मात्र माणूस मैदानावर नव्हे, तर स्वयंपाकघरात आणि बोलण्यात रुळतो.

कादंबरी : मागे राहिलेल्यांची नजर

एस्थर डेव्हिड यांनी नेमके हेच स्वयंपाकघर केंद्रस्थानी आणले. या अहमदाबादच्या लेखिकेला 'बुक ऑफ रॅचेल'साठी २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या दांडा गावात एकटी राहणारी विधवा राहेल ही या कादंबरीची नायिका आहे. मुले आणि शेजारी इस्रायलला निघून गेले आहेत. ती ओस पडलेल्या सिनेगॉगची निगराणी करते आणि ती जागा विकण्याच्या हालचालींना विरोध करते. कादंबरीत पाककृतींची योजना जाणीवपूर्वक केलेली आहे.

या पाककृती सजावटीपुरत्या नाहीत. यहुदी धर्मनियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. त्यामुळे या समाजाच्या रश्श्यांत नारळाच्या दुधाला विशेष स्थान मिळाले. मालवणी स्वयंपाकात नारळ हा चवीचा आणि सहज उपलब्धतेचा भाग आहे. येथे तो नियम पाळण्याचेही साधन ठरतो. माशांच्या बाबतीतही तसेच. खवले आणि पर असलेलेच मासे चालत असल्याने ज्या किनाऱ्यावर कोळंबी, कुर्ल्या आणि तिसऱ्या घरोघरी शिजतात, तेथे या घरांनी आपली मर्यादा शांतपणे सांभाळली. एकाच समुद्रावर, एकाच भाषेत राहून वेगळेपण जपण्याची ही रीत होती. शेजाऱ्याशी न भांडता वेगळे राहता येते, याचा हा दैनंदिन पुरावा डेव्हिड यांनी अन्नाच्या माध्यमातून अचूक पकडला आहे.

कादंबरीची मर्यादा तिच्या दृष्टिबिंदूत आहे. राहेल किनाऱ्यावर उभी राहून गेलेल्यांकडे पाहते. गेलेल्यांचे तिकडचे जगणे हा कादंबरीचा विषय नाही. नारळाच्या दुधावर आणि ताज्या मासळीवर उभा राहिलेला हा स्वयंपाक, जेथे माडही नाहीत आणि समुद्रही नाही अशा नेगेवमध्ये पोहोचल्यावर गृहिणीने काय केले असेल, हा प्रश्न कादंबरी जागा करते, पण त्याच्या मागे जात नाही. शिवाय राहेल ज्या भाषेत नवस बोलत असेल, ती मराठी इंग्रजी निवेदनाच्या आड राहते. पदार्थांची नावे उरतात, वाक्ये उरत नाहीत.

भाषेचा प्रश्न आणि 'मायबोली'

ही मर्यादा एका लेखिकेची नाही. या समाजातून आलेले महत्त्वाचे आधुनिक लेखन पाहता निस्सीम इझिकेल, एस्थर डेव्हिड आणि सोफी जुडा यांची भाषा इंग्रजी आहे, तर शीला रोहेकर यांची 'मिस सैमुएल : एक यहूदी गाथा' (२०१३) ही कादंबरी हिंदीत आहे. मराठीत जगलेल्या समाजाचे आत्मकथन इंग्रजी, हिंदी आणि हिब्रूत घडावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. व्यापक वाचकवर्गाची भाषा आणि घरातली भाषा यांत येथे फारकत झाली. समीक्षेने पहिल्या भाषेतील ग्रंथ वाचले आणि दुसऱ्या भाषेतील नियतकालिके बाजूला ठेवली.

इस्रायलमधून निघणारे 'मायबोली' हे मराठी त्रैमासिक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या या नियतकालिकाच्या संपादनाशी नोहा मस्सील यांचे नाव जोडलेले आहे. कविता, आठवणी आणि समाजवृत्त अशा साध्या मजकुरासाठी देवनागरी अक्षरे इस्रायलमध्ये छापली गेली, ही घटनाच मुळात लक्षणीय होय. रूढ वाङ्मयीन निकषांवर अशा लेखनातील बराच भाग सामान्य ठरेल. परंतु स्थलांतराचा अभ्यास करताना केवळ कलात्मक यशाचा निकष अपुरा पडतो. नव्या देशात दवाखाना, लष्करी सेवा, सून, पगार आणि सण यांविषयी जुन्या भाषेत कसे बोलले जाते, कोणते हिब्रू शब्द मराठी वाक्यात सहज बसतात, हे कादंबरीपेक्षा अशा मजकुरातूनच अधिक कळू शकते.

'मलिदा' या विधीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा प्रसाद करून आभार मानण्याची ही बेने इस्राएलांची खास रीत असून ती इस्रायलमध्येही चालू राहिली. अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाची खूण असल्याची श्रद्धा आहे. तो खडक बरोबर नेता येत नव्हता. मलिदा नेता आला. सिंधुदुर्गातील गाऱ्हाणे आणि हा मलिदा यांची तुलना केल्यास दोन्ही स्थलांतरांतील फरक स्पष्ट होतो. गाऱ्हाण्यात देव गावातच राहतो आणि गेलेल्या लेकरांना सांभाळतो. मलिद्यात मात्र संदेष्टा कुटुंबाबरोबर नव्या घरी येतो. परतीचे दार नसलेल्यांनी आपले संरक्षक सोबत नेले, असे म्हणता येईल.

मात्र भाषेच्या बाबतीत ही किमया टिकेल, अशी खात्री देता येत नाही. मलिदा पुढच्या पिढीला खाऊन समजतो. मराठी बोलूनच समजते. इस्रायलमध्ये जन्मलेल्या पिढ्यांची भाषा हिब्रू आहे. शाळा आणि सैन्यसेवा या दोन्ही संस्था त्याच भाषेत समाज घडवितात. नातवंडे पूर्णतः इस्रायली होणे हे कुटुंब रुळल्याचे चिन्ह आहे आणि तेच आजीची मराठी संपत आल्याचेही चिन्ह आहे. पूर्णपणे रुळण्याची ही किंमत पडद्यावरच्या क्रिकेटच्या सामन्यात किंवा ओस सिनेगॉगच्या वर्णनात मोजता येत नाही.

निष्कर्ष

एक, नेशेर यांच्या चित्रपटाने स्थलांतरितांमधील परस्परसंबंधांचे आणि वसाहतवादी अहंकारांचे सूक्ष्म चित्रण केले. पण बेने इस्राएलांना मराठी कोकणापासून तोडून त्यांचे साचेबंद रूपही तयार केले. दोन, एस्थर डेव्हिड यांच्या कादंबरीने अन्नसंस्कृतीतून समाजाची स्मृती जतन केली. परंतु तिची नजर मागे राहिलेल्यांची असल्याने परदेशातील दैनंदिन रुळणे तिच्या कक्षेबाहेर राहिले. तीन, त्या रुळण्याचा मराठी दस्तऐवज नियतकालिके, कीर्तने आणि मौखिक आठवणी यांत विखुरलेला असून 'साहित्य' या संकुचित व्याख्येमुळे तो अभ्यासाबाहेर पडला आहे.

या तिसऱ्या मुद्द्यावर महाविद्यालयांच्या मराठी विभागांना काही करता येण्यासारखे आहे. 'मायबोली'च्या अंकांचे संकलन, ज्येष्ठांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण आणि चाकरमानी साहित्याशी तौलनिक अभ्यास हे विषय कोकणातील विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहेत. ज्यांना ती मराठी बोलता येते, त्यांची पिढी आता वृद्ध आहे. त्यामुळे हे काम पुढील संशोधकांवर सोपविण्याइतका अवधी उरलेला नाही.