‘रचनात्मक कार्यक्रम’ वाचताना अडलेला एक ‘जर’

मी दर शनिवारी एका वस्तीत मुलांना गणित शिकवतो. मोर्चाला मात्र कधी जात नाही. त्यामुळे गांधींची ‘रचनात्मक कार्यक्रम’ ही छोटी पुस्तिका मोबाइलवर वाचताना आधी बरंच वाटलं. १९४१ साली सेवाग्रामहून बारडोलीला जाताना रेल्वेत लिहिलेली, १९४५ साली सुधारलेली. खादी, ग्रामसफाई, प्रौढशिक्षण, अस्पृश्यता निवारण अशी १८ कामं. ही कामं म्हणजेच स्वराज्याची उभारणी, कायदेभंग त्यांना पूरक, असं गांधी मांडतात. घोषणा देऊन घरी जाणाऱ्याच्या हाती उद्या सकाळचं काम देणं, हे या पुस्तिकेचं खरं बळ.

पण एका ‘जर’पाशी मी अडलो. सगळ्या राष्ट्राने या कामांत साथ दिली, तर कायदेभंगाची गरजच नाही, असं ते म्हणतात. आणि साथ मिळाली नाही तर? स्थानिक अन्यायाविरुद्ध कायदेभंगाला ते जागा देतात. पण अस्पृश्यतेच्या कलमात ते बोलतात सवर्ण हिंदूंशी. ज्यांना पाणी नाकारलं जातं, त्यांनी काय करायचं, हे तिथे येत नाही.

त्याचं उत्तर महाडला आधीच दिलं गेलं होतं. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. आमच्या भाषेत, फीचर रिलीज नोटमध्ये होतं, प्रॉडक्शनमध्ये नव्हतं. २० मार्च १९२७ला आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

म्हणून आंबेडकरांनी रचना सोडली नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह चालवलं. गांधींची सुधारित आवृत्ती आली त्याच १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. फक्त, साथ मिळेपर्यंत ते थांबले नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुली नेहमी उशिरा येतात, कारण टँकरची रांग. मागच्या महिन्यात बायका रिकामे हंडे घेऊन वॉर्ड ऑफिसवर निघाल्या. एकीने विचारलं, “सर, येताय ना?” मी म्हणालो, “माझा वर्ग आहे.” त्या दिवशी वर्गात तिघंच होते. बाकीची मुलं आयांबरोबर गेली होती.

पुस्तिका जरूर वाचा. पण माझ्यासारखी, न जाण्याचं कारण शोधायला वाचू नका.