सांगोल्याचा करार, वस्त्रें आणि जामा

इ. स. १७५० च्या सांगोल्याच्या करारानें रामराजांकडील कारभाराचीं सूत्रें पेशव्यांच्या हातीं गेलीं. परंतु पेशवेपदाचीं वस्त्रें त्यानंतरहि साताऱ्याहूनच येत राहिलीं. सत्ता गेल्यावरहि जें धन्याकडे उरलें, तें नेमकें काय होतें, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

पोशाखाच्या याद्यांत तिवट, शेला, किनखाप, जामेवार अशीं नांवें येतात. जामेवार म्हणजे एका जाम्यापुरतें कापड; शिवलेला जामा नव्हे. सवाई माधवरावांस १७७४ सालीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां ते सुमारें चाळीस दिवसांचे होते. तान्ह्या मुलास जामा तो काय घालणार! वस्त्रें हा अधिकार होता. अंगावरचा वेष ही निराळी गोष्ट.

तो वेष पाहण्यासाठीं थॉमस डॅनियलच्या पुणें दरबाराच्या चित्राकडे बोट दाखविलें जातें. प्रसंग १७९० च्या तहाचा, चित्र १८०५ चें. ज्याच्या अभ्यासचित्रांवरून तें रचलें, तो जेम्स वेल्स मुंबईस आला १७९१ सालीं व वारला १७९५ सालीं. अर्थात् तो दरबार त्यानें पाहिलेला नव्हता. वेल्सनें पुण्यांत माणसें समोर बसवून चित्रें काढलीं. म्हणून चेहऱ्यांपुरती चित्राची साक्ष वजनदार आहे. बैठकीची मांडणी मात्र विलायतेंत जुळविलेली आहे. तीवरून दरबारी शिस्तीचे सिद्धान्त काढणें युक्त नव्हे.

जाम्याची घडण अशी: वरचा भाग अंगासरसा, कमरेखालीं चुण्यांचा मोठा घेर. मलमल पातळ असल्यानें उभ्या पुरुषाचा घेर सरळ ओघळतो, बसलेल्याचा मांड्यांवरून पसरतो. चित्रसंग्राहकांनीं चुण्यांइतकेच बंदहि पाहावे. हिंदूंनीं ते डाव्या व मुसलमानांनीं उजव्या बगलेखालीं बांधावे, असा सामान्य प्रघात होता. खाका उलटा ठेवून नक्कल उतरली, तर बंदांची बाजूहि उलटते. हिंदू सरदाराचे बंद उजवीकडे दिसले, तर त्याच्या धर्माविषयीं तर्क करण्यापूर्वीं खाक्याचा संशय घ्यावा.

याद्या छापतांना कापडांचीं नांवें गाळून ‘वस्त्रें दिलीं’ एवढेंच ठेवणें, ही काटकसर महाग पडते. सांगोल्यास कारभार हस्तांतरित झाला. पण मान कापडाच्या घडींतूनच जात राहिला. करारांतील कलमें आपण जितक्या बारकाईनें वाचतों, तितक्याच बारकाईनें या याद्याहि वाचल्या पाहिजेत.