‘टाकाऊ’ आणि ‘टाकलेले’ : मावळातील प्लास्टिकवस्त्रांच्या निमित्ताने

टाकून दिलेल्या वस्तूंपासून कलावस्तू घडविण्याच्या प्रयत्नांचा विचार मराठीत बहुधा एका ठरीव शब्दप्रयोगाच्या आश्रयाने केला जातो. तो म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’. शाळांच्या कार्यानुभवाच्या तासापासून प्रदर्शनांच्या फलकांपर्यंत हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की त्याचा अर्थ कोणी तपासून पाहत नाही. यमकाने साधलेली सूत्रे विचाराला आधार देण्याऐवजी विचाराची जागाच अडवून बसतात, त्यांपैकी हे एक होय. जुन्या काचेच्या वा सुतळीच्या बाबतीत ते खपून जाते. प्लास्टिकच्या बाबतीत मात्र ते सरळसरळ असत्य ठरते, कारण प्लास्टिक मुळातच टिकाऊ आहे. ते टिकते हीच तर तक्रार आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाळी पाहुण्यांनी भिरकावलेले वेष्टन पुढील अनेक पावसाळे तेथेच राहते. त्याला टिकाऊ करण्यासाठी कलावंताची गरज नाही. मग अशा वस्तूपासून वस्त्र करणारा नेमके काय करतो, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि समीक्षेला तोच महत्त्वाचा आहे.

या शब्दप्रयोगाची व्याकरणिक घडण थोडी उकलून पाहणे येथे उपयोगाचे आहे. ‘-आऊ’ हा प्रत्यय धातूला लागून योग्यता किंवा स्वभाव दाखवितो. टिकाऊ, लढाऊ, शिकाऊ या रूपांत वस्तू अथवा व्यक्ती स्वतः क्रियेची कर्ती असते : टिकाऊ वस्तू टिकते, शिकाऊ उमेदवार शिकतो. विकाऊ आणि टाकाऊ यांचे तसे नाही. विकाऊ माल स्वतः विकत नाही. तो कोणीतरी विकावयाचा असतो. टाकाऊ वस्तूही टाकीत नाही, टाकली जाते. म्हणजे या शब्दात टाकणारा गृहीत आहे, परंतु तो दिसत नाही. याउलट ‘टाकलेले’ हे कृदंत एका घडलेल्या कृत्याचा निर्देश करते, ‘कोणी टाकलेले?’ असे त्याला लगेच विचारता येते. ‘टाकाऊ’ला तसे विचारले जात नाही. तो वस्तूचा गुणच ठरून जातो. एका प्रत्ययाने दोष टाकणाऱ्याकडून वस्तूकडे सरकतो. प्लास्टिकच्या वस्त्रकलेची पारख करताना टाकणाऱ्याला पुन्हा दृष्टीपुढे आणले आहे काय, ही कसोटी म्हणूनच लावून पाहण्याजोगी आहे.

मावळात या कसोटीस उतरणारी पहिली वस्तू कोणत्याही कलादालनात नाही. ती भाताच्या खाचरात आहे. भातलावणीच्या दिवसांत वाकून काम करणाऱ्या माणसाच्या पाठीवर पूर्वी इरले असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाच्या पानांचा थर, अशी त्याची बांधणी. पुढे पानांच्या जागी प्लास्टिकचा कागद आला, आणि बऱ्याच ठिकाणी इरल्याची जागाच खोळीने घेतली. खताचे रिकामे पोते घ्यावयाचे, त्याच्या बुडाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आतून दाबून बसवावयाचा, की डोक्यावर टोपरे आणि पाठीवर उतरता पडदा तयार होतो. सुई नाही, दोरा नाही, कात्री नाही. केवळ एका घडीने पोत्याचे वस्त्र होते.

आणि येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. खताचे पोते हे आधीच विणलेले असते. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या ताणून त्या गोलाकार मागावर ताण्याबाण्याने विणल्या जातात आणि त्यातून नळीसारखे सलग कापड निघते. तेच कापून, बूड शिवून पोते होते. म्हणजे खोळ करणारा शेतकरी प्लास्टिकचे कापड ‘करीत’ नाही, ते कापड आहे हे ‘ओळखतो’. कलादृष्टीने ही ओळख थोर आहे. वस्तूत जे रूप दडलेले आहे ते कमीत कमी हस्तक्षेपाने बाहेर काढणे याला घडणीची उच्च पातळी मानावयास हरकत नसावी. पोत्यावरील छापील अक्षरेही पुसली जात नाहीत. 2022 पासून अनुदानित खते देशभर ‘भारत’ या एकाच नावाने विकली जाऊ लागली, त्यामुळे अलीकडच्या खोळींवर ते नाव पाठीवर उलटे वा तिरपे येते. या योगायोगावर एखाद्या शहरी कलावंताने प्रदर्शन भरविले असते. खाचरात त्याकडे कोणी पाहतही नाही. महत्त्वाचे इतकेच की येथे टाकणारा आणि पांघरणारा एकच आहे. खत त्यानेच आणले, त्यानेच रिते केले, आणि पोतेही त्यानेच डोक्यावर घेतले. ‘टाकाऊ’ हा शब्द लागू पडण्यास अवकाशच राहत नाही.

याच खाचरांच्या वर, डोंगराच्या कुशीत, कार्ले आणि भाजे येथील लेणी आहेत. टाकलेल्या वस्तूच्या वस्त्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत कठोर विचार ज्या परंपरेने केला तिचे भिक्षू येथे वर्षावास करीत. विनयपिटकात भिक्षूच्या वस्त्राला ‘पांसुकूल’ म्हटले आहे. पांसु म्हणजे धूळ. पांसुकूल म्हणजे धुळीच्या ढिगावरून उचललेले. स्मशानात सोडलेले, दुकानापुढे पडलेले, उंदरांनी कुरतडलेले, आगीने होरपळलेले, असे त्याचे प्रकारही सांगितले आहेत. टाकण्याची जागा आणि कारण ही दोन्ही नावातच जपली गेली, हे या परिभाषेचे वैशिष्ट्य. तिने वस्तूला ‘निरुपयोगी’ अशा मोघम विशेषणाखाली झाकले नाही.

या चीवराची रचना ठरली तीही शेतावरून. मगधातील बांधांनी विभागलेली शेते पाहून तशाच तुकड्यांचे वस्त्र करावे असे बुद्धाने आनंदाला सुचविल्याची कथा महावग्गात आहे. कापून शिवलेल्या वस्त्राचा लोभ कोणाला सुटत नाही, हा तेथे दिलेला हेतू. कार्ल्याच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात खाली पाहिले तर बांधबंदिस्तीची खाचरे त्याच आकृतीत पसरलेली दिसतात. अर्थात आकृतीचे हे साम्य मगधाचे आहे, मावळाचे नव्हे. त्यावर अधिक काही उभारणे युक्त नाही.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे आणि तीही महाराष्ट्राच्या लेण्यांतच कोरलेली आहे. कार्ल्यास, म्हणजे तेव्हाच्या वलूरकास, वर्षावासासाठी राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहाकरिता करजिक गाव देणारा उषवदात हाच नाशिकच्या लेण्यातील एका प्रसिद्ध लेखाचा दाता आहे. त्या लेखात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचे नमूद आहे. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले, आणि त्यातून लेण्यातील 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण ‘चिवरिक’, म्हणजे वस्त्रासाठीची रक्कम, द्यावयाची होती. हिशेब चोख जुळतो : वर्षाचे 240, वीस जणांना बारा. बुद्धाने जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्यास अनुज्ञा दिलीच होती, तेव्हा यात नियमभंग काही नाही. परंतु धुळीतले वस्त्र विणकराच्या व्याजापर्यंत येऊन पोचले, आणि रूप मात्र तुकड्यांचेच राहिले. चिंधीची आकृती शिल्लक राहून चिंधी नाहीशी होऊ शकते, हे त्यावरून कळते. आजच्या प्लास्टिकवस्त्रांकडे पाहताना हे विसरून चालणार नाही.

पुण्यात ‘रीचरखा’ या नावाने अमिता देशपांडे यांनी चालविलेला उद्योग या संदर्भात विचारात घ्यावा लागतो. पिशव्या आणि वेष्टने गोळा करावयाची, धुऊन वाळवावयाची, रंग व जाडी पाहून निवडावयाची, हाताने लांब पट्ट्या कापावयाच्या, त्या चरख्यावर गुंडाळावयाच्या आणि हातमागावर बाण्यात घालून विणावयाच्या, अशी ही प्रक्रिया आहे. रंग चढविला जात नाही. वेष्टनाचा जो रंग तोच कापडाचा. श्रम आणि निवड यांच्या दृष्टीने हे काम गंभीर आहे यात संशय नाही. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी खाद्यपदार्थांची चकचकीत बहुपदरी वेष्टने राहिलीच; त्यांना या मागावर जागा मिळते. मात्र कलेच्या अंगाने पाहता एक अडचण आहे. पट्टी अरुंद कापली की अक्षरे मोडतात आणि कापडात केवळ रंगाचे कण उरतात. ते मोहक दिसतात, किंबहुना फारच मोहक दिसतात. हे कोणी बनविले आणि कोणी टाकले, हा प्रश्न त्या सौंदर्यात विरघळतो. शहरातून बाहेर गेलेली वस्तू पिशवीच्या रूपाने शहरातच विकत घेतली जाते. टाकणारा आणि घेणारा बहुधा एकाच वर्गातला असतो, पण खोळीप्रमाणे एकमेकांना ओळखत नाही.

याच प्रकारच्या कामात जुन्या ध्वनिफितींचा बाणा वापरलेला आढळतो, आणि तो मात्र वेगळा ठरतो. ती काळी, किंचित तपकिरी झाक असलेली चकाकी कोणत्याही सुताला येत नाही. शिवाय फीत ही मुळातच लांब, अरुंद आणि गुंडाळलेली असते, म्हणजे स्वभावानेच धाग्यासारखी. तिला कापून पट्टी करावी लागत नाही. पोत्यातील कापड ओळखणाऱ्या शेतकऱ्याचीच दृष्टी येथे आहे. तिच्यावरील गाणे वा भाषण मागावर मूक होते, परंतु ती फीत आहे हे कापड लपवीत नाही.

अक्षरे न मोडण्याचा मार्ग मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस स्वीकारला. कोका-कोलाच्या बाटल्यांची टाकून दिलेली झाकणे धातूच्या कड्यांनी एकमेकांत गुंफून त्यांनी साडी केली. माध्यम प्लास्टिक नव्हे, पण प्रश्न तोच. येथे एकही अक्षर कापलेले नाही. उत्पादकाचे नावच त्या वस्त्राचा बुट्टा झाले आहे. साडी हा प्रकार निवडण्यातही नेमकेपणा आहे, कारण साडी न शिवता, केवळ घडीने देहावर बसते. आणि ही साडी कोणाच्याही देहावर बसणार नाही. घानात जन्मून नायजेरियातील न्सुक्का येथे अध्यापन केलेले एल अनात्सुई मद्याच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे चेपून तांब्याच्या तारेने जोडतात, तेव्हा त्यांच्या विशाल पडद्यांत केंटे वस्त्राची आठवण आणि मद्याच्या व्यापाराचा इतिहास एकत्र येतात. त्यांच्या पडद्यांची भव्यता सामंतांच्या साडीत नाही. परंतु साडीत जो उपहास आहे तो अधिक जवळून टोचतो.

गोधडीचा उल्लेख या विषयात नेहमी आदर्श म्हणून होतो, आणि ते सर्वस्वी चूक नाही. गोधडीतला प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा वा धोतराचा हे घरात ठाऊक असते. धावदोऱ्याने जोडले जाते ते माहीत असलेलेच. प्लास्टिकचे तुकडे तसे आप्त नसतात. म्हणून गोधडीची नक्कल करणाऱ्या, चौकोनी ठिगळांच्या प्लास्टिकी चादरी कितीही नीटस असल्या तरी त्यांतील जिव्हाळा उसना वाटतो. उषवदाताच्या काळच्या चीवराप्रमाणे तेथे आकृती तेवढी उरते. लोणावळ्यात प्रतिवर्षी पडणाऱ्या वेष्टनांचे वस्त्र कोणी करू पाहील, तर त्याला गोधडीपेक्षा पांसुकूलाची शिस्त अधिक उपकारक होईल : कोठून उचलले, कशाने फाटले, कोणाच्या नावाचे होते, हे त्या वस्त्रात वाचता यावे. त्यासाठी पट्टी थोडी रुंद कापावी लागेल, आणि कापड थोडे कमी सुंदर दिसेल.

खोळीचे मात्र कोणी जतन करीत नाही. हंगाम सरला की ती गोठ्याच्या खुंटीला लागते, पुढल्या आषाढात पुन्हा उतरते, आणि फाटली की गवताच्या गंजीवर अंथरली जाते. इरले वस्तुसंग्रहात ठेवण्याजोगे मानले जाते. खोळीला तो मान मिळालेला नाही, बहुधा ती प्लास्टिकची आहे म्हणून. कामट्यांच्या इरल्याशेजारी एक खोळ, तिच्यावरील छापील अक्षरांसह, नोंदवून ठेवली तर मावळाच्या वस्त्रेतिहासातील एका पिढीचा पुरावा शिल्लक राहील.