बैठकीची कारागिरी

फुलदाणीचं कौतुक सगळेच करतात. आज आपण तिच्या खालच्या लाकडाकडे बघू. जुन्या चिनी वस्तूंसाठी कोरलेल्या बैठका हा विषय इंझोरीत परका वाटेल. पण घरच्या चौरंगावर कलश मांडलेला ज्यांनी पाहिला, त्यांना तो निम्मा कळलेलाच आहे.

चांगली बैठक भांड्याच्या मापाने घडते. बुडाच्या कडेइतकीच खाच, खाली आत वळलेले छोटे पाय, आणि एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, खिळ्याविना जोड. लाकूड बहुधा गडद आणि जड. त्यातलं सर्वांत मानाचं ‘झितान’ म्हणजे बहुतांशी आपलं रक्तचंदन, ‘पुष्पा’ सिनेमाने घराघरांत पोहोचवलेलं.

एक उदाहरण घेऊ. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात सोंग काळातलं निळसर हिरवं, लंबगोल भांडं आहे. नक्षी नाही, अंगावर तडे नाहीत. हे कुत्र्याला जेवू घालायचं भांडं असावं, ही समजूत चिएनलोंग सम्राटाच्या (राज्यकाळ १७३६–१७९५) कवितेतही डोकावते. तरी त्याच्यासाठी झितानची बैठक झाली. तिला खण, आणि खणात सम्राटाच्या हस्ताक्षराची वही. म्हणजे भांडं काय होतं यापेक्षा त्याला कुठे बसवलं, यावर त्याचा मान ठरला. आमच्या मते बैठक हीच त्या भांड्यावरची पहिली समीक्षा आहे.

म्हणून कोरीवकाम जास्त तितकी बैठक भारी, हे आम्हाला पटत नाही. एकोणिसाव्या शतकातलं मुंबईचं शिसवी फर्निचर आठवा: वेली, पानं, पक्षी, बोटभर जागा मोकळी नाही. खुर्चीला ते चालून जातं, कारण ती स्वतःच बघायची वस्तू. बैठकीने तसं केलं की नजर वर चढतच नाही. हात थांबवणं हीच इथली खरी कारागिरी.

भांडं आणि बैठक वेगवेगळी विकली गेली, की दोन्ही मुकी होतात. खाच रिकामी राहते, तिच्यात काय बसत होतं ते सांगायला कोणी उरत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी दालनं बघाल, तेव्हा भांड्याखाली काय आहे तेही बघा. आणि आजीचा चौरंग भंगारात देण्याआधी त्यावर काय मांडत होते, तेवढं तरी लिहून ठेवा.