पुनरुक्त, अनुवाद आणि ‘पुढील भागात’

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याची 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यातलं एक ‘पुनरुक्त’. तेच पुन्हा बोललात की हरलात. पण ‘अनुवाद’ त्यातून वगळला आहे. अनुवाद म्हणजे काही प्रयोजनानं पुन्हा सांगणं. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, कळलं मात्र टीव्हीपुढे बसल्यावर.

मालिकेचा अर्धा तास. आधी ‘मागील भागात’, प्रत्येक ब्रेकनंतर मागच्या प्रसंगाचं शेपूट पुन्हा, शेवटी ‘पुढील भागात’. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, भाग तीन हजारांवर. एवढ्या पसाऱ्यात आठवण करून द्यावी लागते, मान्य. शिवाय आपल्या मावळात आषाढात लाईट गेली की कोण कुणाला काय बोललं ते राहूनच जातं. दुसऱ्या दिवशीचं ‘मागील भागात’ तेव्हा खरा अनुवाद. कीर्तनकारही आख्यान संपवताना पूर्वरंगातल्या अभंगावर परत येतो, आणि तो अभंग आता वेगळा ऐकू येतो.

आमची तक्रार ‘पुढील भागात’वर आहे. काल दाखवलं, सुनेनं सासूवर हात उगारला. आज आम्ही शेवटच्या मिनिटापर्यंत वाट पाहतो, आणि निघतं काय, तर स्वप्न! ही पुनरुक्ती नव्हे, हा छल. शास्त्रातला नव्हे हो, व्यवहारातला. ज्या म्हाताऱ्या माणसांचा दिवस त्या अर्ध्या तासावर टेकलेला असतो, ती ते खरं धरतात. आमच्या घरी त्या थपडेपायी रात्री दोनपर्यंत दिवा जळत होता.