राहुलोवाद आणि आमचे बालसंस्कार

विहारांतून रविवारी सकाळी भरणाऱ्या बालसंस्कार वर्गांत राहुलाची गोष्ट हटकून सांगितली जाते. भगवंतांनी पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, ते राहुलास दाखविले. मग ते ओतून टाकले, भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्यास लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व असेच रिकामे असते, हे त्यास समजाविले. म्हणून मुलांनो, खोटे बोलू नका, असे सांगून शिक्षक गोष्ट संपवितात आणि मुले पंचशीलातील चौथे शील एका सुरात म्हणतात. गोष्ट चांगली आहे, सांगणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. परंतु ती मज्झिमनिकायातील ६१ व्या सुत्ताच्या, म्हणजे अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्ताच्या, पूर्वार्धावर थांबते. आमच्या पाहण्यात आलेल्या बालसंस्काराच्या पुस्तिकांतही उत्तरार्ध नाही. हे केवळ जागेअभावी घडत असेल असे आम्हांस वाटत नाही.

उत्तरार्धाचा आरंभ एका प्रश्नाने होतो. आरसा कशासाठी असतो, असे भगवंत विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. येथे मूळ पालीत 'पच्चवेक्खण' हा शब्द आहे. त्यात नुसते पाहणे नाही, निरखणे आहे, फिरून पाहणे आहे. आरशात जसे पुन्हा पुन्हा निरखून पाहावे तसे काया, वाचा आणि मन यांची कर्मे निरखून करावीत, असे भगवंत सांगतात. आणि मग ज्या तपशिलात शिरतात तो एखाद्या बालकास केलेल्या उपदेशात क्वचितच आढळेल. कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे. याने मला पीडा होईल काय, दुसऱ्यास होईल काय, दोघांसही होईल काय? होत असेल तर ते करू नये. करीत असताना ध्यानात आले तर तेथेच थांबावे. हातून घडून गेले असेल तर शास्त्यापाशी किंवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यापाशी उघड करावे. शिक्षेचा उल्लेख नाही. नरकाचे भय दाखविलेले नाही. आणि कर्म कुशल असल्याचे आढळले तर त्या आनंदात राहावे, असेही सांगितले आहे. अट्ठकथेनुसार राहुल त्या वेळी सात वर्षांचा होता.

पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत फरक आहे तो असा. पूर्वार्धात उपदेश करणारा थोर आहे, ऐकणारा लहान आहे, आणि नियम वरून खाली येतो. उत्तरार्धात मोजमापच मुलाच्या हाती दिले जाते. पूर्वार्ध एकट्याने सांगितला तर कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही राजाच्या, कोणत्याही शाळेच्या उपयोगी पडू शकतो. खोटे बोलू नये असे कोणास वाटत नाही? हाताखालच्या माणसाने खरे बोलावे अशी तर प्रत्येक सत्ताधाऱ्याची इच्छा असते. उत्तरार्ध मात्र सत्तेच्या फारसा कामाचा नाही, कारण ज्या मुलास आरसा मिळाला ते उद्या शिक्षकाचे, भंतेजींचे आणि बापाचेही कर्म त्यात पाहील.

सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मपर्याय भिक्खू-भिक्खुनींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून सुचविले आहेत, त्यांत हे सुत्त आहे. तेथे त्याची ओळख मृषावादाविषयीचा राहुलोवाद अशी दिलेली आहे. राहुलास केलेले उपदेश एकाहून अधिक असल्याने हा कोणता ते कळावे, एवढाच त्या विशेषणाचा हेतू असावा. तरीही भांड्याची आठवण राहावी आणि आरशाची नावात खूण उरू नये, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. आमच्या पुस्तिका नकळत त्याच वाटेने गेल्या आहेत.

धर्म समाजावर ताबा ठेवतो तो मुख्यतः बालपणाच्या मार्गाने, हे आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयनाची वये दिली आहेत: ब्राह्मणाचे आठवे, क्षत्रियाचे अकरावे, वैश्याचे बारावे. शूद्रासाठी वयच नाही. मुलास कारण विचारण्याची बुद्धी येण्यापूर्वीच त्याची जागा ठरवून टाकावयाची, मग ते मूल त्या जागेलाच आपला स्वभाव समजू लागते. आणि ज्याला वयच दिलेले नाही त्यासही आपले वगळले जाणे स्वाभाविक वाटू लागते. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व ते का करावे हे पारखावयास लावते. हा भेद धर्मग्रंथांना लावण्याची आपणांस सवय आहे. तो आपल्या रविवारच्या वर्गांस लावून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त येथे वाचण्याजोगे आहे. राजगृहाचा गृहपतिपुत्र सिगाल सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. असे का करतोस, असे विचारता तो सांगतो की वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. लहानपणच्या श्रद्धेचे याहून नेमके चित्र आम्हांस ठाऊक नाही: कृती आहे, निष्ठा आहे, बापाविषयीचे प्रेमही आहे, फक्त अर्थ नाही. भगवंत त्याची थट्टा करीत नाहीत. बापाचा शब्द मोड, असेही म्हणत नाहीत. सहा दिशांच्या जागी ते सहा नाती ठेवतात, आणि पूर्व दिशेला आईबाप येतात. आईबापांची अपत्याविषयीची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत: पापापासून आवरावे, चांगल्यात स्थिर करावे, शिल्प शिकवावे, योग्य विवाह करून द्यावा, योग्य वेळी वारसा हाती द्यावा. कोणत्या देवाची उपासना शिकवावी, हे त्या यादीत नाही.

परंतु सर्वच आपल्याला सोयीचे आहे असे म्हणून आम्ही पुढे गेलो तर ते अभ्यासकास शोभणारे नव्हे. विनयपिटकातील महावग्ग वाचताना प्रामाणिक वाचकास अडखळावे लागते. कपिलवस्तूत आईच्या सांगण्यावरून राहुल पित्यामागून चालत जाऊन आपला वारसा मागतो, आणि भगवंत सारिपुत्तास त्याला प्रव्रज्या देण्यास सांगतात. शुद्धोदन येतो. पुत्रप्रेम कातडी भेदून मांसात, स्नायूत, हाडात आणि मज्जेपर्यंत शिरते, असे तो सांगतो आणि आईबापांच्या अनुज्ञेवाचून कोणत्याही मुलास प्रव्रज्या दिली जाऊ नये, एवढे मागतो. नियम तसा झाला. मात्र त्या नियमाने आईबापांच्या दुःखाची दखल घेतली. मुलाची स्वतःची संमती कोणी विचारल्याचा तेथे उल्लेख नाही. राहुलाने वारसा मागितला होता. त्यास काय मिळाले, ते कळण्याचे त्याचे वय नव्हते.

त्याच महावग्गात उपालि आणि त्याच्या सोबत्यांची हकिकत आहे. राजगृहातील ही सतरा मुले. आपल्यामागे उपालीचे सुखाने चालावे म्हणून त्याचे आईबाप विचार करतात: लेखन शिकविले तर बोटे दुखतील, हिशेब शिकविला तर छाती दुखेल, नाण्यांची पारख शिकविली तर डोळे दुखतील, त्यापेक्षा हे शाक्यपुत्रीय श्रमण बरे, खाऊन-पिऊन निवाऱ्यात झोपतात. मुलांना उपसंपदा मिळते, आणि पहाटे अंधारात ती पेज मागत, भात मागत रडू लागतात. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खू सांगतात, पण मुले ऐकत नाहीत. अंथरुणेही घाण करतात. तो रडण्याचा आवाज ऐकून भगवंत आनंदास विचारतात, हा मुलांचा आवाज कसला? त्यानंतर वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम झाला. श्रामणेरासाठी पंधरा वर्षांची मर्यादाही लवकरच आली. पुढे कावळे हाकलू शकेल एवढ्या मुलासाठी तिला अपवाद झाला, आणि थेरवादी देशांत त्या अपवादाचीच रूढी झाली.

या हकिकती संघाने लपविल्या नाहीत, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. संस्था चुकली, मूल रडले, नियम बदलला, आणि तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या गेल्या. राहुलोवादात करून गेलेल्या कर्माविषयी जे सांगितले आहे, तेच येथे संघाने स्वतःविषयी केलेले दिसते. सुट्टीतील श्रामणेर शिबिरांत मुलांचे मुंडन करण्यापूर्वी आपण पालकांची सही घेतो. मुलास विचारतो का?

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. काही सुशिक्षित तरुण पालक कालामसुत्ताचा आधार घेऊन म्हणतात की मुलांवर कोणताच धम्मसंस्कार करू नये, मोठी झाल्यावर ती निवडतील. हे वाचन आम्हांस उथळ वाटते. अंगुत्तरनिकायातील हे कालाम केसपुत्त निगमातील जाणती माणसे होती; अनेक श्रमण-ब्राह्मणांची परस्परविरोधी मते ऐकून त्यांना शंका आली होती. ज्यास शंका येण्याइतके काही दिलेच नाही, ते मूल निवडणार कशातून? घरात पोकळी ठेवली की ती शेजारचा गणेशोत्सव आणि दूरदर्शन संच भरून काढतात. शिवाय कालामांना दिलेली कसोटी नीट पाहावी. परंपरा म्हणून नको, ग्रंथात आहे म्हणून नको, श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही नको. लोभ, द्वेष आणि मोह यांतून काय घडते, ते अहिताचे आहे की हिताचे, हे स्वतः जाणावे. राहुलास दिलेली कसोटीही पीडेचीच होती. सात वर्षांच्या मुलास आणि केसपुत्तच्या प्रौढांस भगवंतांनी एकाच जातीचे माप दिले, हे दोन्ही सुत्ते शेजारी ठेवून वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. म्हणजे मुलास वाढवावयाचे ते या मापानिशी. माप देण्यासाठी त्याच्या अठराव्या वर्षाची वाट पाहावयाची नाही.

असे वाढविणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली होती आणि जी १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, तीत त्यांनी आपल्या बालपणाची हकिकत दिली आहे. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, धार्मिक, शिस्तीचे. मूर्तिपूजा न मानणारे, तरी मुलांसाठी गणपती बसविणारे. ही विसंगती मुलाच्या नजरेतून सुटली नाही. मुलांनी रोज बहिणींना आणि घरी येणाऱ्यांना महाभारत-रामायण वाचून दाखवावे, असा त्यांचा दंडक होता. आपल्या समाजास हीन लेखणाऱ्या या ग्रंथांचा आग्रह का, असे मुलाने विचारले. आपण अस्पृश्य, आपल्या मनात न्यूनगंड येऊ नये, म्हणून द्रोण आणि कर्ण यांसारखी लहान स्थितीतून वर आलेली माणसे पाहावीत, असे वडिलांनी उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणीच आपल्यास आवडत नाही, असे त्याने कारणांसह सांगितले. वडील गप्प राहिले. दादा केळुसकरांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती आलेलेच होते.

रामजींच्या त्या गप्प राहण्यावर आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. त्यांनी मुलास आपला धर्म सक्तीने वाचावयास लावला, हे खरे. पण प्रश्न आल्यावर त्यांनी उत्तर दिले, ते मनाला भिडणारे होते. आणि उत्तर अपुरे पडले तेव्हा त्यांनी मुलाचे तोंड बंद केले नाही. त्या काळच्या लष्करी शिस्तीतील बापाकडून ही थोडी गोष्ट नव्हे.

या प्रकाशात बावीस प्रतिज्ञांच्या पाठांतराकडे पाहावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी त्या उच्चारल्या त्यांच्या घरांत कालपर्यंत ते देव होते. नाकारणे काय असते हे त्यांना अंगाने ठाऊक होते. त्यांची पणतवंडे त्याच प्रतिज्ञा पाढ्यांसारख्या म्हणतात. एका वर्गात एका मुलीने आम्हांस विचारले, ज्यांची पूजा आमच्या घरी कधी झालीच नाही त्यांची पूजा करणार नाही असे आम्ही का म्हणावयाचे? वर्गाच्या ताईंनी तिला गप्प केले; आम्ही पाहुणे होतो आणि आम्हीही त्या वेळी काही बोललो नाही. तो प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याचे उत्तर इतिहासात आहे, महाडच्या तळ्यात आहे, तिच्या पणजीच्या देव्हाऱ्यात आहे. ते सांगावयास अर्धा तास पुरला असता, आणि मग त्या प्रतिज्ञा तिने म्हटल्या असत्या तर त्या तिच्या झाल्या असत्या.

बालसंस्काराच्या पुस्तिका दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास पुन्हा छापल्या जातात. राहुलोवादाचा उत्तरार्ध सोप्या मराठीत घातला तर दोन पाने वाढतील. ज्या मंडळांस तो मजकूर हवा असेल त्यांना तो करून देण्यास आम्ही तयार आहोत.